टर्मिनल काढलं आणि गाडी सगळं विसरली

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण राजे आणि किल्ले यांचा नाही. आज आपण बॉनेट उघडून आत बघणार आहोत.

आमच्या सोयगावकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "दादा, गाडी एकदम ओके होती. महिनाभर उभी राहणार होती म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढलं. परत लावलं तर घड्याळ शून्यावर, काच एका बटणात वर जाईना, गाडी उभी केली की बंद पडते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. कॉम्प्युटर जळाला का?"

बहुतेक वेळा उत्तर आहे: नाही. गाडी जळालेली नसते, ती विसरलेली असते. पण लोखंडाच्या यंत्राला आठवण आली कुठून? त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

बॅटरीशिवायची गाडी

सुरुवातीच्या कितीतरी मोटारींना ठिणगीसाठी बॅटरी लागतच नव्हती. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानं १८९७ मध्ये मोटारगाडीला मॅग्नेटो बसवला. चुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्या खेळातून वीज तयार होते, तिचीच ठिणगी. १९०२ मध्ये त्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डनं जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. इंजिन चालू करायला मात्र पुढून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं!

शिशाची बॅटरी तेव्हाही होती, फ्रान्सच्या गॅस्तों प्लांतेनं ती १८५९ मध्येच बनवली होती. पण तिला गाडीत मानाची जागा मिळाली ती १९१२ च्या कॅडिलॅकमुळे. चार्ल्स केटरिंगनं तिच्यासाठी विजेचा सेल्फ स्टार्टर बनवला आणि हँडल सुटलं.

आपल्याकडे बॅटरी नसलेली वाहनं पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होती. घरातल्या मोठ्यांना जुन्या बजाज स्कूटरबद्दल विचारा. वेग कमी झाला की हेडलाइट मंद, रेस वाढवली की लख्ख. कारण वीज थेट फिरत्या मॅग्नेटोतून यायची. त्या स्कूटरची बॅटरी काढायचा प्रश्नच नव्हता, मुळात नव्हतीच ना!

जीपचा जमाना

आता आपल्या भागात या. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपची वीजयंत्रणा फक्त ६ व्होल्टची होती. पुढे १२ व्होल्ट आले, डिझेल इंजिन आलं आणि सोयगाव, फर्दापूर, शेंदुर्णी अशा रस्त्यांवर माणसांनी गच्च भरलेली जीप हेच चित्र झालं.

जुन्या डिझेल जीपचा स्वभाव साधा. डिझेल हवेच्या दाबानं पेटतं, ठिणगी लागत नाही. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी असली काय आणि नसली काय. म्हणून बॅटरी उतरलेली जीप उतारावर लावायची आणि सकाळी धक्का द्यायचा. हळदा घाटासारखा उतार असेल तर काय, सेल्फची गरजच नाही!

त्या काळात मिस्त्रींची एक युक्ती होती. गाडी चालू ठेवून टर्मिनल काढायचं. गाडी चालू राहिली म्हणजे डायनॅमो वीज देतोय, बंद पडली म्हणजे डायनॅमो खराब. ना मीटर, ना स्कॅनर. १० नंबरचा पाना हेच तपासणीचं यंत्र.

तीच युक्ती घातक कशी झाली?

१९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून आला. हळूहळू सगळ्यांनी तोच घेतला. अल्टरनेटर कमी वेगातही चांगली वीज देतो. पण तो बॅटरीत करंट ढकलत असताना मध्येच टर्मिनल काढलं, तर त्या विजेला जायला जागा उरत नाही. काही क्षणांसाठी १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये ८० ते १०० व्होल्टपर्यंत झटका येऊ शकतो. जुन्या जीपमध्ये एखादा बल्ब गेला असता. आजच्या गाडीत खरोखरच कॉम्प्युटर जाऊ शकतो. त्यामुळे चालू गाडीचं टर्मिनल कधीही काढायचं नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस म्हणाला तरी.

गाडीला आठवण आली

कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री कान लावून इंजिन ऐकायचा आणि स्क्रू अर्धा आटा इकडे-तिकडे फिरवायचा. हवा किती, पेट्रोल किती, हे ज्ञान त्याच्या बोटांत होतं. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं आणि ते ज्ञान एका डब्यात जायला लागलं. आज आपण त्याला ईसीयू म्हणतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक दुचाक्याही इंजेक्शनवर आल्या.

हा डबा शिकतो. थ्रॉटलमध्ये थोडी काजळी बसली, प्लग जुना झाला, की तो हवा आणि पेट्रोलचं गणित थोडं बदलतो आणि लक्षात ठेवतो. यातली काही आठवण टिकायला बॅटरीची सतत वीज लागते. टर्मिनल निघालं की ती पुसली जाते आणि गाडी कारखान्यातून निघाल्यासारखी वागते. पण थ्रॉटल जुनाच, काजळी जुनीच. म्हणून ती उभी केली की बंद पडते.

मग करायचं काय?

आधी हातानं तपासा. दोन्ही टर्मिनल घट्ट आहेत का? पांढरी-हिरवी बुरशी आहे का? प्लसवर एकापेक्षा जास्त वायरी असतात, एखादी बारीक वायर बाहेर राहिली का? बॉडीला जाणारी अर्थची पट्टी कसलेली आहे का? निम्मे आजार इथेच बरे होतात.

मग साधा मल्टिमीटर लावा. उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट, गाडी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. चालू केल्यावरही आकडा वाढत नसेल, तर चार्जिंगचा फ्यूज किंवा अल्टरनेटर बघा.

हे ठीक असेल तर गाडीला शिकू द्या. एसी आणि लाइट बंद, ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग थोडा वेळ एसी लावून तसंच ठेवा, मग १५-२० किलोमीटर शांतपणे चालवा. काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बटण काही सेकंद धरून ठेवा. स्टिअरिंगचा दिवा असेल तर इंजिन चालू ठेवून चाक एकदा पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. प्रत्येक मॉडेलची रीत थोडी वेगळी, त्यामुळे गाडीचं पुस्तक उघडा.

सगळंच मेलेलं असेल, तर मेन फ्यूज बघा. प्लस-मायनस क्षणभर उलटे लागले तरी तो उडतो. त्याच्या जागी तार घालू नका, वायरिंग पेटेल.

आणि काढताना: किल्ली बाहेर, पाच मिनिटं थांबा, मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. का? प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडू नये म्हणून.

एक वाईट सवय मात्र सोडा. पिवळा दिवा विझवायला टर्मिनल काढणं म्हणजे ताप गेला म्हणायला डॉक्टरचा रिपोर्ट फाडणं. दिवा विझतो, खराबी तिथेच राहते, आणि कोड पुसल्यामुळे मिस्त्रीला ती शोधायला दुप्पट वेळ लागतो.

आठवण कुणाच्या मालकीची?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पूर्वी गाडीचं ज्ञान गावातल्या मिस्त्रीकडे होतं. आता ते डब्यात आहे, आणि डबा वाचायला स्कॅनर लागतो. तालुक्याच्या गावात तो नसेल तर गाडी जळगाव किंवा संभाजीनगरला न्यायची. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याचा दिवस गेला, वर टोचनचा खर्च.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे, असा कौल दिला. भारतात २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मोकळेपणानं मिळत नव्हती. ते प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

हँडलमुळे मनगट मोडायचं, तिथून आपण पुसलेल्या आठवणीपर्यंत आलो. गाडी सोपी झाली, पण तिची दुरुस्ती आपल्यापासून लांब गेली. ती परत जवळ आणायची असेल, तर गावातल्या मिस्त्रीच्या हातात पान्याबरोबर स्कॅनर यायला हवा, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना निदान एवढं कळायला हवं की गाडी विसरली आहे की बिघडली आहे. एवढा फरक ओळखता आला, तरी कोणी पहिल्याच दिवशी नवीन ईसीयू गळ्यात मारू शकणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर टर्मिनल घट्ट ठेवा!