धमन्यांची मोजदाद

हृदयातून निघालेली महाधमनी डावीकडे कमान घेते आणि त्या कमानीला बहुधा तीन फांद्या फुटतात. उजव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी त्यांतल्या पहिल्या फांदीतून निघते. शंभरातल्या एखाद्या माणसात मात्र ती कमानीवरून सर्वांत शेवटी निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून आडवी जात उजव्या हाताकडे वळते. या वेगळेपणाच्या इतिहासात मान मिळतो तो डेव्हिड बेफर्ड या इंग्रज शल्यवैद्याला. 1761 मध्ये, उमेदवारीच्या काळात, त्याने एका बाईचं शवविच्छेदन पाहिलं. वर्षानुवर्षे तिला घास गिळता येत नव्हता. शेवटी उपासमारीने ती दगावली. आडवाटेने गेलेल्या धमनीने अन्ननलिका दाबली, असा निष्कर्ष त्याने काढला आणि या व्याधीला निसर्गाच्या लीलेवरून नाव दिलं. तो मान रास्त आहे, पण अपुरा आहे. त्याच्या निरीक्षणाला बळ आलं ते पुढे मोजदाद करणाऱ्यांमुळे.

एका देहात धमनी वेगळी आणि त्याच देहाला गिळण्याचा त्रास, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. योगायोगही असू शकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रिचर्ड क्वेनने 1844 मध्ये हजाराहून अधिक मृतदेहांतल्या धमन्यांची नोंद ग्रंथरूपाने मांडली. जोसेफ मॅक्लिसने काढलेली त्यातली चित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत. कोणती रचना किती वेळा आढळते, हे आकड्यांत मांडल्यावर लीला मागे पडली आणि प्रमाण पुढे आलं. शवविच्छेदनासंबंधीच्या 1832 च्या ब्रिटिश कायद्यानंतर विच्छेदनाच्या टेबलावर येणारे देह बहुतांशी दरिद्रीगृहांतल्या बेवारस माणसांचे असत. या ज्ञानात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

यावर कुणी म्हणेल, मोजदादीने कुणाचा घास खाली उतरला? आक्षेप खरा आहे. शिवाय ही धमनी असलेल्या बहुतेकांना कसलाच त्रास होत नाही, त्यामुळे बेफर्डचा दावाच डळमळीत वाटू शकतो. पण वेगळेपण किती आढळतं हे ठाऊक असल्याशिवाय त्यातलं निरुपद्रवी कोणतं आणि घातक कोणतं, हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. त्याचं उत्तर जिवंत माणसातच मिळणार होतं. 1936 मध्ये जर्मनीत कोमेरेलने क्ष-किरणांच्या आधारे जिवंत रुग्णात ही धमनी ओळखली आणि 1946 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसने ती तोडून एका बालकाचा त्रास दूर केल्याचं प्रसिद्ध केलं. बेफर्डचा निष्कर्ष खऱ्या अर्थाने तेव्हा सिद्ध झाला.