आकाशक : दृश्यग्रहणासाठी निवड

विद्युत् चुंबकीय तरंग अवकाशात प्रेषित करणाऱ्या अथवा अवकाशातून ग्रहण करणाऱ्या साधनास आकाशक म्हणतात. व्यवहारात अँटेना हा शब्द रूढ आहे. दृश्य संदेशासाठी कोणता आकाशक निवडावा, हा प्रश्न छपरावरील दूरचित्रवाणीच्या अँटेनापासून ड्रोनचालकाच्या डोळ्यांवरील गॉगलपर्यंत मूलतः एकच राहिला आहे. बीड जिल्ह्याच्या भूरचनेत तो विशेष स्पष्ट होतो.

हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये साध्या द्विध्रुवी आकाशकाने रेडिओ तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले. हा आकाशक सभोवार सारखाच पाहतो. हिदेत्सुगू यागी व शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये एका दांडीवर परावर्तक व निर्देशक बसवून एकाच दिशेकडे रोख असणारा आकाशक प्रसिद्ध केला. यातील लाभ ही नवी निर्माण केलेली ऊर्जा नव्हे. बॅटरीचा झोत एकवटल्याने तो दूरवर पोहोचतो, पण आजूबाजूला अंधार राहतो, तसाच हा प्रकार आहे.

मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७३ मध्ये सिंहगडावरील सहप्रक्षेपकामुळे पुण्यास कार्यक्रम दिसू लागले. १९७५-७६ च्या उपग्रह शैक्षणिक प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या ३ मी. व्यासाच्या तबकड्या बसविण्यात आल्या. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र सीमेलगतचे गुलबर्गा व विजापूर हे जिल्हे होते. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर भूप्रक्षेपकांचा देशभर वेगाने विस्तार झाला. पुढे बीड जिल्ह्यात अंबेजोगाई येथे दूरदर्शनचा प्रक्षेपक उभा राहिला.

जिल्ह्याचा उत्तर भाग गोदाकाठचा सखल प्रदेश असून दक्षिणेस बालाघाटाचे पठार व त्याच्या डोंगररांगा आहेत. दूरचित्रवाणीचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने अंतराइतकाच आडोसाही महत्त्वाचा ठरतो. उंच नळीवर बसविलेला यागी आकाशक प्रक्षेपकाकडे वळवून दूरच्या गावाला चित्र मिळू शकते. परंतु डोंगराआडच्या वस्तीत पडद्यावर मुंग्याच दिसतात. तेथे आकाशकाचे दांडे वाढविण्यापेक्षा नळीची उंची वाढविणे अधिक फलदायी ठरते. पुढे उपग्रहाकडे थेट पाहणाऱ्या तबकडीने डोंगराचा अडथळा बहुतांशी दूर केला. दूरदर्शनचे जुने भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत देशात बहुतेक ठिकाणी बंद झाले.

ड्रोनच्या गॉगलमध्ये हीच निवड लहान आकारात करावी लागते. येथे ५.८ गिगॅहर्ट्‌झ कंप्रता बरीच वापरली जाते. तिची तरंगलांबी सुमारे ५.२ सेंमी. असल्याने आकाशक बोटाएवढा असतो. सभोवार पाहणाऱ्या आकाशकाचा लाभ सुमारे २ डेसिबल, तर चपट्या दिशादर्शी आकाशकाचा सुमारे ८ डेसिबल असतो. मोकळ्या अवकाशात ६ डेसिबलांच्या वाढीने पल्ला दुप्पट होतो. मात्र मान वळताच चपट्या आकाशकाचा रोख चुकतो. म्हणून अनेक गॉगलांत दोन ग्राही असतात. एकास सभोवार पाहणारा व दुसऱ्यास दिशादर्शी आकाशक जोडतात आणि ज्याचा संदेश प्रबळ असेल तो यंत्रणा आपोआप निवडते.

ध्रुवण ही दुसरी कसोटी होय. वळणे घेताना ड्रोन कलतो. त्यामुळे रेषीय ध्रुवणाच्या आकाशकांचा मेळ मोडतो. वर्तुळाकार ध्रुवणात हा दोष फारसा राहत नाही. शिवाय भिंतीवरून वा पत्र्यावरून परतणाऱ्या तरंगाची फिरण्याची दिशा बहुधा उलटते व तो बऱ्याच अंशी गाळला जातो. मात्र ड्रोन व गॉगल या दोहोंवरील आकाशक एकाच हाताचे, म्हणजे दोन्ही उजवे किंवा दोन्ही डावे, असले पाहिजेत. विजोड जोडीत संदेश सुमारे २० डेसिबलांनी किंवा त्याहून अधिक क्षीण होऊ शकतो. मग महागडा आकाशकही निरुपयोगी ठरतो.

दूरचित्रवाणीचे चित्र गेले तर प्रेक्षकाचा कार्यक्रम हुकतो. ड्रोनचे चित्र गेले तर चालकाची दृष्टीच जाते आणि खाली शेत किंवा वस्ती असू शकते. त्यामुळे आकाशक बदलताना केवळ लाभांक न पाहता दिशाव्याप्ती, ध्रुवणाचा मेळ आणि मध्ये येणारा डोंगर यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.