शिधा आणि हुन्नर



ह्या स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी आपल्या पूर्वजांचे, देणगीदारांचे आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. परंतु यंदा वाचकांस आम्ही आपल्या ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना आपल्या प्रांताबाहेरच्या एका इतिहासाकडे नेऊ इच्छितो. ह्याचे कारण असे की, आपल्या साहाय्य निधीपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तोच प्रश्न एके काळी ह्या देशापुढे लक्षावधी माणसांच्या बाबतीत उभा राहिला होता. निराधार कुटुंबास दरमहा मदत देत राहावे, की त्या मदतीबरोबर त्याच्या हाताला हुन्नर द्यावा? आणि हुन्नर द्यावयाचा तर शिधा केव्हा थांबवावा? निधीच्या बैठकीत ह्यावर दोन तट पडतात हे सभासद जाणतातच. म्हणून मत देण्यापूर्वी इतिहास काय सांगतो ते पाहू.

सरकारी साहाय्य आणि श्रम ह्यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत साहाय्याची कामे निघाली. त्या कामांवर सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुरीचा जो दर ठरविला, तो पुरुषास दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतका तुटपुंजा होता. पोटाला अपुरे पडते म्हणून लोकांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचा कैवार घेतला, हे प्रसिद्धच आहे. परंतु मजुरीइतकीच दुसरी एक उणीव त्या कामांत होती. खडीच्या ढिगावर शेतकरी, विणकर आणि सुतार हे सारे एकाच हातोड्याचे मजूर झाले. दुष्काळ सरला तेव्हा विणकराच्या हाताचा सराव गेलेला होता, आणि ज्याला मुळात हुन्नर नव्हता तो पहिल्यासारखाच रिता परतला. श्रम होते, परंतु शिक्षण नव्हते. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळानंतर, महाराष्ट्राने रोजगाराची हमी दिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. ती थोर गोष्ट झाली. तथापि तिचाही मुख्य भर अकुशल अंगमेहनतीवरच राहिला.

साहाय्य आणि व्यवसायशिक्षण ह्यांचा खरा मिलाफ मोठ्या प्रमाणावर घडला तो फाळणीनंतर. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्र सरकारने साहाय्य व पुनर्वसन खाते उघडले. सर्वांत मोठी छावणी कुरुक्षेत्राला पडली. एक लक्ष माणसांसाठी आखलेल्या त्या जागेत तिप्पट माणसे आली. रोज शंभर टन पीठ, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, साखर व तेल फुकट वाटावे लागे. भुकेल्याला अन्न देणे हे राज्याचे पहिले कर्तव्यच होते, आणि ते पार पडले हे त्या नव्या राज्यास भूषणावह आहे. परंतु महिन्यामागून महिने लोटले तसे तंबूत बसून शिध्याची वाट पाहणारा माणूस आतून खचू लागला. काल ज्याची पेढी होती, शाळा होती, शेत होते, तो आज रांगेत भांडे घेऊन उभा राही.

ह्या छावणीत सुरेंद्रकुमार डे नावाचे एक अभियंते आले. मूळचे सिल्हेटचे, अमेरिकेत शिकलेले. त्यांनी छावणीतच व्यवसायशिक्षणाचे केंद्र काढले, आणि १९४८ मध्ये कर्नाल व कुरुक्षेत्र ह्यांच्या दरम्यान, ग्रँड ट्रंक रस्त्यालगतच्या दलदलीच्या व झुडपी रानात ते केंद्र हलविले. तेच नीलोखेडी. तेथे निर्वासितांनी दलदल काढली, घरे बांधली, आणि बांधताबांधताच सुतारकाम, लोहारकाम, विणकाम, छपाई असे धंदे शिकून घेतले. माणसाला जगण्याचा हक्क आहे, काम करून जगण्याचा हक्क आहे आणि कमावलेले पदरात पडण्याचा हक्क आहे, अशी त्या वसाहतीची त्रिसूत्री होती. पंडित नेहरूंना ती वसाहत इतकी पसंत पडली की, २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी जी समूहविकास योजना सुरू झाली, तिची धुरा त्यांनी डे ह्यांच्याकडे सोपविली.

दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथे सरहद्द प्रांतातील निर्वासितांनी असाच प्रयोग केला. कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने तेथे श्रमिकांच्या सहकारी संस्था उभारल्या आणि लोकांनी ठेकेदारावाचून आपली घरे आपण बांधली. मुलांना हस्तव्यवसायातून शिक्षण मिळावे म्हणून आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आर्यनायकम् दांपत्य तेथे गेले, हे महाराष्ट्रीयांनी विसरू नये.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावयाची आहे. ती आपल्यासारख्या कारागीर ज्ञातीला थोडी झोंबेल. आम्ही पिढ्यान्पिढ्या रंधा आणि पटाशी ह्यांवर जगणारे लोक. धंदा रक्तात असतो, तो शिकवून येत नाही, असे आमचे वडीलधारे सांगत आणि आम्हीही अभिमानाने ते ऐकत आलो. निर्वासितांत व्यापारी, दुकानदार व कारकून ह्यांचा भरणा मोठा होता. ज्यांच्या घराण्यात कोणी करवत धरली नव्हती त्यांची मुले सुतारकाम शिकली. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी बांधव उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या जागेचे उल्हासनगर झाले. त्याच उल्हासनगरचा लाकडी सामानाचा बाजार पुढे सर्वत्र नावाजला गेला. पिढीजात सुतार नसलेल्यांच्या गावाने हे नाव मिळविले, ह्याचा राग न धरता त्यापासून बोध घ्यावा हे बरे. हुन्नर जन्माने येत नाही. तो शिकण्याने येतो, आणि न शिकणाऱ्याच्या घरातून तो निघूनही जातो.

आणखी एक दुवा आपल्या तरुणांच्या ध्यानात आणून देतो. आपली मुले ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये जातात, त्यांचे मूळ कशात आहे? महायुद्धाच्या गरजेपोटी १९४० मध्ये तंत्रज्ञ घडविण्याची योजना निघाली. १९४५ मध्ये सैन्यातून सुटणाऱ्या जवानांसाठी पुनर्वसाहत व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर तीच प्रशिक्षणाची व्यवस्था निर्वासितांना खुली झाली, आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना ह्या नावाने ती सर्व नागरिकांसाठी स्थिरावली. त्यावर १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. म्हणजे ज्या वर्गात आज आपला मुलगा फिटर किंवा वायरमन होतो, त्या वर्गाची वाट निर्वासितांच्या छावण्यांतून आलेली आहे. आय.टी.आय.ला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

परंतु इतिहासाची दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. शिधा थांबविण्याची तारीख ठरविणे सोपे असते. त्या तारखेपर्यंत माणूस उभा राहिलेला असणे अवघड असते. पश्चिमेकडून आलेल्यांचा शिधा थोड्या वर्षांत थांबविता आला, कारण त्यांना निर्वासितांनी मागे टाकलेली घरे व जमिनी पुष्कळ अंशी मिळाल्या. बंगालमध्ये तसे नव्हते. तेथे लोंढे वर्षानुवर्षे येत राहिले आणि कूपर्स कँपसारख्या छावण्यांत माणसे दीर्घकाळ मदतीवर राहिली. विधवा, वृद्ध व अपंग ह्यांच्या छावण्यांना सरकारी दप्तरात जे इंग्रजी नाव मिळाले, त्याचा अर्थ 'कायमचा बोजा' असा होता. हा शब्द लिहिताना आमचा हात अडखळतो. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प निघाला व बंगालच्या शेतकऱ्यांस बस्तर-कोरापुटच्या रानात पाठविण्यात आले; जे जाण्यास नकार देत त्यांची मदत बंद करण्याचा धाक घातला गेला. आपल्या गडचिरोलीकडील चामोर्शी व मुलचेरा भागांतही बंगाली कुटुंबे वसली. पाण्याच्या मुलखातील शेतकऱ्याला खडकाळ रान देणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे पुष्कळांना तेथून परतावे लागले तेव्हा उमगले.

स्त्रियांच्या बाबतीत रामेश्वरी नेहरू ह्यांच्या देखरेखीखाली पुनर्वसन खात्याचा स्वतंत्र विभाग काम करीत होता. जालंदर, दिल्ली आदी ठिकाणी आश्रम निघाले व तेथे शिवण, भरतकाम व विणकाम शिकविले गेले. एकट्या पडलेल्या असंख्य भगिनी त्यामुळे मानाने उभ्या राहिल्या. परंतु एकच शिवणकाम सर्वांना शिकविले तर शिवून घेणारे कोठून आणावयाचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आपल्या निधीचा अनुभव ह्याहून निराळा नाही. मागे आपण काही विधवा भगिनींना शिवणयंत्रे दिली, समारंभ केला, छायाचित्रे काढली. पुढे चौकशी करता त्यांतील काही यंत्रे विकली गेल्याचे कळले. सभेत कोणी त्या भगिनींना दोष दिला. आम्हांस तो दोष मान्य नाही. आपण यंत्र दिले, परंतु शिकविले नाही. शिकताना घरची चूल कशावर पेटेल ह्याची तरतूद केली नाही. आणि गिऱ्हाईक कोठून येईल ह्याचा विचारही केला नाही. चूक दात्यांची होती, म्हणजे आमची होती.

तेव्हा ह्या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, शिधा आणि शिक्षण ही एकमेकांची वैरी नव्हेत. शिकणाऱ्याचे पोट भरलेले असेल तरच त्याचा हात वळतो, म्हणून प्रशिक्षण पुरे होऊन कमाई सुरू होईपर्यंत मदत चालू राहावी. दुसरी, कोणता धंदा शिकवावयाचा हे बाजार पाहून आणि शिकणाऱ्याला विचारून ठरवावे, आपल्या सोयीने नव्हे. तिसरी, जे शिकू शकत नाहीत, अशा वृद्धांना व आजाऱ्यांना मदत देताना त्यांना बोजा मानू नये. ते आपल्याच घरचे आहेत.

येत्या वार्षिक सभेत निधीच्या नियमांचा विचार व्हावयाचा आहे. सभासदांनी त्या दिवशी अगत्य यावे आणि मत देताना कुरुक्षेत्राच्या तंबूपुढील रांग डोळ्यांपुढे आणावी. त्या रांगेत उभा राहणारा माणूस भिकारी नव्हता. त्याचे हात रिकामे होते एवढेच. आपल्या ज्ञातीतही असे रिकामे हात आहेत. त्यांत नाणे ठेवणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु नाण्याबरोबर त्यांत एखादे हत्यार आणि ते चालविण्याची विद्या ठेवणे, हे आपल्या कारागीर पूर्वजांना अधिक शोभणारे कर्म आहे, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.