पूल नव्हता तेव्हाचे पुलगाव

पौषातली पहाट, साल 1862. तुम्ही वर्धा नदीच्या काठावर उभे आहात आणि पुलगाव अजून वसायचे आहे. स्टेशन नाही, गिरणीचा भोंगा नाही. गुडघाभर पाण्यातून बंजाऱ्यांची लदेणी पलीकडे वऱ्हाडात उतरते आहे. पाठीच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गोण्या लादलेले बैल एकामागे एक पाण्यात शिरतात. एका गोणीची शिवण उसवली आहे, हात घालून बघा. कापूस सैल भरलेला, त्यात पाला, काडीकचरा, वाटेवरची धूळ. तांड्याचा नायक पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघतो. अवकाळी पावसाने गाठले तर कापूस पाणी पिऊन जड होईल आणि काळ्या चिखलात रुतलेला बैल उठायचा नाही.

माल मुंबईला जाणार, तिथून लँकेशायरला. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे तिकडचा कापूस येईनासा झाला आहे आणि इकडचे भाव भडकले आहेत. भोसल्यांचे राज्य 1854 मध्येच खालसा झाले. आता याच 1862 मध्ये नागपुरातून वर्धा हा वेगळा जिल्हा काढला आहे. आणि याच वर्षी तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंकनने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्याच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला 160 एकर मिळणार होते. ती जमीन मोकळी पडली होती असे आजही सांगतात, पण ती पॉनी, शायन, लाकोटा अशा तिथल्या मूळ रहिवाशांची होती.

आता पाच वर्षे पुढे या. 1867. नदीवर पूल उभा आहे आणि मुंबईहून निघालेली गाडी त्यावरून नागपूरला जाते. जो माल न्यायला लदेणीला महिने लागत, तो आता काही दिवसांत बंदरावर पोचतो. अमेरिकेची रेल्वे पॅसिफिकला जोडायला अजून दोन वर्षे आहेत. इकडे पुलाशेजारी वस्ती धरू लागते: हमाल, आडते, दुकानदार. आर्वीकडच्या गवळाऊ बैलांच्या बंड्या कापूस घेऊन स्टेशनावर येतात. शतक संपायच्या आत कापड गिरणी उभी राहते. 1917 मध्ये आर्वीची छोटी गाडी सुरू होते, आपली शकुंतला.

या भरभराटीचे मला कौतुक आहे. गावच्या गाव रेल्वेने वसवले, हजारोंच्या चुली पेटवल्या. पण पहाटे नदी ओलांडणाऱ्या त्या नायकाचा धंदा याच गाडीने मोडला. पिढ्यान्‌पिढ्या मालवाहतूक करणारे तांडे थांबले. कुणी शेतीला लागले, कुणी मजुरीला. नदीपलीकडे यवतमाळात आजही त्यांचे तांडे आहेत. पुलगावचा इतिहास लिहायला घ्याल, तर स्टेशनाच्या आधीचे पान त्यांच्यासाठी ठेवा. आणि ते पान त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच लिहा.