जस्ताची उसनवारी

जुन्या नाशकातल्या तांबट गल्लीतून तुम्ही कधी गेला असाल, तर हातोडीच्या ठोक्यांचा तो नाद तुमच्या कानात बसला असेल. नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, हे तिथले लहान पोरही सांगेल. पण तेच जस्त तुमच्या-माझ्या अंगातही आहे बरं का! मोठ्या माणसाच्या शरीरात ते सारे मिळून दोन ते तीन ग्रॅम. एवढेसे खरे, पण ते कमी पडले तर मुलाची वाढ खुंटते, जखम लवकर भरत नाही. हे जस्त शरीरात कसे राहते आणि हातोहात कसे फिरते, याची हकिकत आज सांगायची आहे.

तिचा आरंभ एका बुरशीपासून होतो. चाळीत साठवलेल्या कांद्यावर काळी बुरशी धरते, ती आपल्या लासलगाव-निफाडकडच्या शेतकऱ्याला वेगळी दाखवायला नको. त्याच जातीच्या बुरशीवर फ्रान्समध्ये पाश्चर यांचे शिष्य रोलँ यांनी प्रयोग केले आणि जस्तावाचून ती नीट वाढत नाही, असे १८६९ साली दाखवून दिले. पुढे १९४० साली केंब्रिजच्या केलिन आणि मान या दोघांना रक्तातल्या तांबड्या पेशींच्या एका प्रथिनात जस्त सापडले. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडायला हे प्रथिन मदत करते. आज माणसाच्या शरीरातली जस्त लागणारी सुमारे तीन हजार प्रथिने मोजली गेली आहेत. म्हणजे जवळजवळ दहात एक!

आता तुम्ही म्हणाल, इतक्या प्रथिनांना जस्त लागते, तर पेशीत ते हवे तितके मोकळे पडलेले असेल. शास्त्रज्ञांनाही पूर्वी तसेच वाटे. पण मोकळे जस्त भलत्याच प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्याचे काम बिघडवते. २००१ साली अमेरिकेत औटन आणि ओहॅलोरन यांनी एका जिवाणूचा हिशेब मांडला. त्याच्या पेशीत जस्ताचे अणू लाखाच्या वर, पण मोकळा म्हणावा असा एकही नाही. सगळे कोणा ना कोणा प्रथिनाने धरून ठेवलेले.

मग गरजूला ते मिळते कसे? घरातले पीठ संपले की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण पीठ अंगणात ओतून ठेवत नाही. तिच्या हातातून ते आपल्या हातात येते. पेशीतही अशीच उसनवारी चालते. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात धातू बांधून ठेवणारे एक प्रथिन सापडले. पुढे त्याला मेटॅलोथायोनीन असे नाव पडले. या प्रथिनाला गंधकाच्या वीस पकडी असतात आणि त्यांत जस्ताचे सात अणू धरलेले असतात. सगळ्या पकडी सारख्या घट्ट नसतात. दुसरे प्रथिन जवळ आले की त्याची पकड बसत जाते, तशी पहिल्याची सुटत जाते. जस्त मध्ये कुठे सांडत नाही. व्हॅली, मारेट आणि याकोब यांनी १९९८ साली दाखवले, की हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो: भरलेले मेटॅलोथायोनीन जस्त देते, रिकामे झालेले ते परत मागूनही घेते. ठरावीक घरी जस्त पोचवणारे एक प्रथिनही २०२२ साली ओळखले गेले.

पण मंडळी, गल्लीत कुणाच्याच घरी पीठ नसेल, तर उसने मागणार कोणाकडे? शरीरात जस्ताचे मोठे कोठार नाही. ते अन्नातून यायला हवे आणि अन्नात जमिनीतून. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमध्ये वाढ खुंटलेले तरुण पाहिले, आणि त्यांच्यात जस्ताची उणीव असल्याचे १९६३ साली मांडले. इकडे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली भाताच्या 'खैरा' रोगाचे मूळ शोधले. पानांवर तांबूस ठिपके पडत. कारण मात्र जमिनीतले अपुरे जस्त. आपले द्राक्षबागाईतदार झिंक सल्फेट वापरतात, तेही याचसाठी. २०१२ साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' ही बाजरी आली. तिच्या दाण्यात लोह आणि जस्त दोन्ही अधिक. शिवाय कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले, की त्यातले जस्त शरीराला अधिक लागू पडते. मटकीची उसळ आणि आंबील करणाऱ्या आपल्या आज्यांना जस्त ठाऊक नव्हते, पण कृती बरोबर होती.

गुरुजनांना शेवटी एक विनंती. मुलाला जुलाब लागले, की जस्तही शरीराबाहेर जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुडीबरोबर जस्ताची गोळी द्यायला सांगितले आहे. आपल्याकडे हा क्रम चौदा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, की आई गोळी बंद करते आणि उरलेल्या फडताळात पडून राहतात. तसे करू नका. जुलाब थांबले, तरी गेलेले जस्त भरून यायचे असते. आरोग्यसेविकेने सांगितले तितके दिवस गोळी द्यावी, एवढे पालकांच्या सभेत जरूर सांगा.