‘रान’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यातील चाकूर परिसरात ‘रानात जाणे’ याचा अर्थ शेतात जाणे असा होतो, तर पुण्या-मुंबईत छापल्या गेलेल्या मुलांच्या पुस्तकांत तोच शब्द बहुतेक वेळा जंगलासाठी येतो. बालकुमार कादंबरी, म्हणजे साधारणपणे आठ ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली दीर्घ गद्यकथा, मराठीत निसर्गाविषयीची आस्था कशी रुजवत आली, याचा इतिहास पाहू लागले की हा अर्थभेद केवळ बोलीपुरता राहत नाही. या कादंबरीने कोणता निसर्ग जपण्याजोगा मानला आणि कोणता तिच्या नजरेबाहेर राहिला, याची खूण त्यात सापडते.

या परंपरेच्या उगमाशी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ठेवणे योग्य ठरते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली ही आत्मचरित्रात्मक कथा बेचाळीस रात्रींत विभागलेली असून, न उमललेल्या कळ्या तोडणाऱ्या मुलांना आवर घालणारे ‘मुकी फुले’ हे प्रकरण तिच्यात आहे. झाडालाही वेदना असते हा संस्कार येथे उपदेशातून येत नाही, तर घरातल्या रोजच्या वागण्यातून येतो, आणि पुढच्या पुष्कळ लेखकांना ही साधी युक्ती साधली नाही. ही आई, तिचे अंगण आणि तिची फुले मात्र पालगडची, म्हणजे ओल्या कोकणातली आहेत.

त्याच वर्षांत मराठवाड्यातील मुलांची स्थिती निराळी होती. हा प्रदेश हैदराबादच्या निजामी राज्यात होता, चाकूरच्या शेजारचे अहमदपूर आणि उदगीर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनही उर्दूतूनच चालत असे. मराठी मुलांसाठी मासिके आणि कादंबऱ्या काढणारे छापखाने सीमेपलीकडे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले, तरी खेड्यातल्या शाळेपर्यंत अवांतर वाचन पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला. पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजेच बालभारतीने, १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर नीट समजते, कारण अल्प किमतीचे हे मासिक जिल्हा परिषदेच्या शाळांना परवडणारे होते.

पुढील टप्प्यावर शासन आणि न्यायालय यांचाही हात लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा आदेश दिला, आणि साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीतील पहिला पुरस्कार अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या कथासंग्रहाला मिळाला. २०१७ साली तो ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ या कादंबरीला आणि २०१९ साली वनखात्यात काम केलेल्या सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला देण्यात आला. या दोन्ही लेखकांचा निसर्ग जगून ओळखीचा झालेला आहे, म्हणून तो शोभेचा वाटत नाही. परंतु तो सह्याद्रीच्या पट्ट्यातला, झाडीचा आणि मोठ्या पावसाचा निसर्ग आहे.

चाकूरच्या मुलाला सर्वांत जवळचे वाटू शकेल असे पुस्तक, काहीसे अनपेक्षितपणे, अमेरिकेतून आलेले आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद फ्लोरिडातील एका गरीब शेतकरी कुटुंबाची कथा सांगतो. मुलाने जीव लावून वाढवलेले हरणाचे पाडस उभे पीक खाऊ लागते, तेव्हा घराची भाकरी आणि मुलाची माया यांच्यात निवड करावी लागते. लातूर जिल्ह्याच्या शिवारांत हरणांचे कळप कोवळ्या पिकांत उतरतात आणि शेतकरी रात्री राखणीला जागतात, त्यामुळे हा पेच येथे कल्पनेतला नाही. निसर्गप्रेमाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न जंगलाच्या सहलीवर आधारलेल्या कादंबऱ्या सहसा विचारत नाहीत.

चाकूरचा निसर्ग काळ्या मातीचा, बेसॉल्ट खडकाचा आणि बेभरवशाच्या पावसाचा आहे. जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने जी झाडी उरली ती ‘बेटां’वर उरली, बेट म्हणजे येथे पाण्याने वेढलेली जमीन नव्हे, तर शेतांच्या मधोमध उठलेली, देवस्थानामुळे राखली गेलेली टेकडी. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाते. उरलेले सारे रान पेरलेले असते. पूर्वी त्यात ज्वारी आणि करडई दिसे, अलीकडे सोयाबीन आणि तूर दिसते.

या पेरलेल्या रानाशी मुलांची गाठ घालून देण्याचे काम येथे कादंबरीच्या फार आधीपासून एक सण करीत आला आहे. मार्गशीर्षातील अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावस्या, बोलीत येळवस, पाळली जाते, आणि उत्तर कर्नाटकात हाच दिवस एळ्ळ अमावस्या म्हणून साजरा होतो. त्या दिवशी घराला कुलूप लावून सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी करते, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करते, आणि मडक्यातील आंबील उभ्या पिकावर शिंपडून मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचे जेवण होते. पिकाने आधी प्यावे आणि माणसाने नंतर जेवावे, हा क्रम येथे लहान मूल बोलता येण्याआधी पाहते.

येळवस पाहत वाढलेल्या याच मुलांनी दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला आलेले पाणी पाहिले; १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहिलेले मूल हा मराठी बालकादंबरीचा नायक व्हायला हवा होता, कारण पाण्याचे मोल त्याला शिकवावे लागत नाही.

मराठवाड्याने निसर्गाविषयी मुलांशी जे बोलणे केले ते अधिक करून कवितेतून केले, आणि त्याची दखल २०२५ साली घेतली गेली: नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. कवितेला एक ढग, एक पाखरू पुरते. कादंबरीला पेरणीपासून राशीपर्यंतचे वर्ष लागते, त्यातली कोप, राखणीची रात्र, आटलेला आड आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ तोडावी की ठेवावी यावरून आजोबा आणि वडील यांच्यात चाललेला वाद लागतो, आणि तो सारा ऐवज चाकूरच्या रानात आजही जसाच्या तसा उभा आहे.