कोरेगावचा स्तंभ : दगडावर काय लिहिले आहे?

दर १ जानेवारीला आपल्या वस्तीतून गाड्या निघतात. आदल्या रात्रीच भाकऱ्या बांधल्या जातात, निळे झेंडे बाहेर काढले जातात. कोरेगावला जाऊन आलेला नाही असा माणूस आपल्यात विरळाच. पण जाऊन आलेल्या दहा जणांना विचारून बघा, स्तंभावर काय लिहिले आहे? आठ जण म्हणतील, गर्दी होती हो, मानवंदना दिली आणि परत फिरलो. म्हणून त्या दगडाविषयी आणि त्या रानातल्या लढाईविषयी चार गोष्टी इथे लिहितो.

पहिली गोष्ट जागेची. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली आणि लोणीकंद मागे पडतात, आणि भीमेच्या पुलाच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, रस्त्यालगत हा स्तंभ उभा आहे. साठ फुटांहून उंच. पूल ओलांडला की कोरेगाव. म्हणजे लढाई झाली नदीच्या पलीकडे, गावाच्या गल्ल्यांत, आणि स्तंभ उभारला अलीकडे. गावाचे नाव सरकारदरबारी कोरेगाव भीमा, आपल्या तोंडी भीमा-कोरेगाव.

आता लढाई. १ जानेवारी १८१८ च्या आधी काय झाले ते ध्यानात घ्या. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. दुसरा बाजीराव पुणे सोडून फौजेसह फिरत होता. डिसेंबरच्या शेवटी तो पुन्हा पुण्याच्या दिशेने वळला. पुण्यात इंग्रजांची फौज थोडी. तिथल्या अधिकाऱ्याने शिरूरच्या छावणीकडून कुमक मागवली. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरला रात्री आठ वाजता शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई लष्कराच्या पहिल्या पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, आणि दोन तोफा. तोफांवर मद्रासचे वीस-पंचवीस गोरे गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणसे.

रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही माणसे कोरेगावच्या वरच्या उंचवट्यावर आली आणि पाहतात तो काय, नदीपलीकडे पेशव्यांची सगळी फौज पसरलेली! वीस हजार घोडेस्वार आणि आठ हजार पायदळ असा अंदाज इंग्रजांनी लिहून ठेवला आहे. बाजीराव स्वतः जवळच फुलगावला होता, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच्याबरोबर होते. बापू गोखले आणि त्रिंबकजी डेंगळे फौजेत होते. उघड्या माळावर टिकाव लागणार नाही हे ओळखून स्टाँटनने गाव गाठले. गावाला मातीची भिंत होती, मध्ये गढी होती. पेशव्यांच्या बाजूने पायदळाच्या तीन तुकड्या, प्रत्येकी सुमारे सहाशेच्या, नदी उतरून गावावर चालून आल्या. त्यांत अरब होते, गोसावी होते आणि मराठा पायदळही होते.

मग दिवसभर गल्लीबोळांत हातघाई. रात्रभर चाललेली माणसे, पोटात अन्न नाही, आणि नदी डोळ्यांसमोर असूनही पाणी नाही. एक तोफ अरबांनी हिसकावली. तिच्यावरचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला, त्याचे डोके कापले गेले. तोफेवरचे काही गोलंदाज म्हणू लागले, शरण जाऊ या. स्टाँटनने त्यांना चिझमचे धड दाखवले आणि सांगितले, शरण गेलात तर हे होईल. लेफ्टनंट पॅटिन्सन नावाचा धिप्पाड अधिकारी जखमी होऊन पडला होता. तो उठला, बंदूक उलटी धरली आणि शिपायांसह तोफेवर तुटून पडला. तोफ परत मिळाली. पॅटिन्सन त्या जखमांनी पुढे मेला. अंधार पडल्यावर कुठे शिपायांना नदीचे पाणी मिळाले. रात्री नऊच्या सुमारास हल्ला थांबला आणि पेशव्यांची माणसे गावातून निघून गेली. जनरल स्मिथ मोठी फौज घेऊन मागावर होता, त्यामुळे बाजीरावाने तिथे थांबायचे टाळले.

स्टाँटनच्या ८३४ पैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पेशव्यांच्या बाजूची हानी पाचशे-सहाशेची धरतात. स्टाँटन पुण्याला पोहोचलाच नाही. २ तारखेच्या रात्री तो जखमींना घेऊन उलट फिरला आणि ३ जानेवारीला सकाळी शिरूरला आला.

इथे जरा थांबून आकड्यांचे बोलू. आपल्याकडे भाषणात जोर चढला की ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापले’ असे ठोकून देतात. टाळ्या पडतात. पण गावात लढले ते पाचशे पायदळ सगळेच महार नव्हते, आणि अठ्ठावीस हजार सगळे गावात उतरले नव्हते. पेशवाईही त्या दिवशी संपली नाही. फेब्रुवारीत आष्टीला लढाई झाली, बापू गोखले तिथे पडले, आणि बाजीराव ३ जून १८१८ ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. हे सांगितले की आपल्यातले काही जण नाराज होतात. मला त्यात नाराज होण्यासारखे काही दिसत नाही. रात्रभर चालून, उपाशीपोटी, आपल्या दुपटी-तिपटीच्या माणसांशी अकरा-बारा तास लढणे आणि गाव न सोडणे, एवढे कमी आहे काय? फुगवलेला आकडा दुसऱ्याने खोडला की त्याच्याबरोबर खरी गोष्टही खोटी ठरते, हे जास्त नुकसानीचे.

आता दगडाकडे वळू. स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ ला झाली. चारही बाजूंना संगमरवरी पाट्या आहेत, दोन इंग्रजीत आणि दोन मराठीत. मजकूर अर्थातच इंग्रजांच्या कौतुकाचा. पूर्वेकडील ब्रिटिश फौजेच्या अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, असे त्यांनी कोरले. म्हणजे स्तंभ उभारला तो आपल्यासाठी नव्हे, कंपनीने स्वतःची पाठ थोपटण्यासाठी. पुढे १८२४ मध्ये स्तंभाच्या देखभालीचे काम या लढाईत जखमी झालेल्या खंडोजी जमादार यांच्याकडे दिले गेले आणि त्यासाठी जमीन लावून दिली गेली.

पण त्याच दगडावर मेलेल्या शिपायांची नावेही कोरली. हे कंपनीने कोणत्या मोठ्या विचाराने केले असेल असे मला वाटत नाही, पलटणीचा हजेरीपट होता तो उतरवला असेल. एकूण ४९ नावे. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. एसनाक, रायनाक, गुणनाक. ‘नाक’ हे तेव्हा महारांच्या नावाला लागणारे. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, एखादे ज्यू नावही सापडते. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांचे नाव मराठ्याच्या आणि रजपुताच्या नावाशेजारी एकाच पाटीवर, एकाच मापाच्या अक्षरात! १८२१ च्या मुलखात अशी दुसरी पाटी कुठे होती दाखवा.

कोणी विचारील, ते अन्यायाविरुद्ध लढले की पगारासाठी? शिपाई पगारावरच लढतो, दोन्हीकडचा. पेशव्यांचे अरबही पगारीच होते. महार त्याआधी मराठ्यांच्या बाजूनेही लढत आले होते. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत पटवर्धनांच्या फौजेत शिदनाक महार होता. एसनाकाच्या मनात त्या दिवशी काय होते हे दगड सांगत नाही. पण पेशवाईत अस्पृश्यांचे जिणे कसले होते ते बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये सांगितले आहे, आणि तशा जिण्यातल्या माणसाच्या हाती बंदूक व अंगावर वर्दी आली की त्याला काय वाटले असेल, याचा अंदाज आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना बघून करता येतो.

खरी कथा तर पुढे आहे. ज्यांची नावे इंग्रजांनी दगडात कोरली त्यांच्याच नातवंडांना १८९० नंतरच्या काळात फौजेतून बाहेर काढले. कारण काय, तर म्हणे ही ‘लढवय्यी जात’ नव्हे! मग गोपाळबाबा वलंगकर यांनी, जे स्वतः निवृत्त शिपाई होते, १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. याच कांबळ्यांनी कोरेगावला सभा भरवायला सुरुवात केली. डाव बघा कसा होता. इंग्रजाने स्वतःच्या गौरवासाठी उभारलेला दगड साक्षीला काढायचा आणि विचारायचे, आम्ही लढवय्ये नव्हतो तर ही नावे कोणाची?

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब इथे आले ते या पार्श्वभूमीवर. त्यांनी इंग्रजांची स्तुती करून निघून जाणे पसंत केले नाही. आमच्या लोकांनी तुमच्यासाठी रक्त सांडले आणि तुम्ही कृतघ्नपणे त्यांनाच भरतीला अपात्र ठरवले, असे त्यांनी सुनावले. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात, २० मार्चला, महाडचे चवदार तळे.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली होती, युद्ध संपताच ती १९२१ मध्ये मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून त्या जागी कट्यार आली. इंग्रजांच्या विजयाची खूण स्वतंत्र देशाच्या फौजेने का वागवावी, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. तरी आपल्याकडच्या जुन्या शिपायांना ते लागले असणार.

स्तंभाची गोष्ट सांगताना वढू बुद्रुकची पाटीही सांगायला हवी. कोरेगावपासून थोड्या अंतरावर संभाजी महाराजांची समाधी आहे, तिथेच गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. अंत्यविधी कोणी केला यावरून वाद आहे. २०१७ च्या डिसेंबरात गोविंद गोपाळांची माहिती देणारा फलक तिथे लागला, २९ तारखेला तो उखडला गेला, आणि १ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, स्तंभाकडे जाणाऱ्या लोकांवर दगड आले. हिंसेत एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. पुढे न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. पत्र्याच्या एका फलकासाठी एवढे का, असे शहरातले शहाणे लोक म्हणाले. गावाकडे फलकावर कोणाचे नाव यावे आणि कोणाचे येऊ नये, यावर काय काय अवलंबून असते हे त्यांना कुठून कळणार!

एक उणीव मात्र सांगतो. पेशव्यांच्या बाजूने त्या गल्ल्यांत पडलेल्या पाच-सहाशे माणसांत अरब होते, गोसावी होते, आसपासच्या गावांतले मराठेही असतील. या स्तंभावर त्यांच्यातल्या एकाचेही नाव नाही. जिंकल्याचा दावा करणाऱ्याने दगड उभारला, त्याने स्वतःचीच माणसे मोजली.

पुढच्या वेळी जाल तेव्हा १ जानेवारीच्या गर्दीत पाट्या वाचता येत नाहीत हे ध्यानात ठेवा. एखाद्या साध्या रविवारी मुलांना घेऊन जा, वही-पेन्सिल बरोबर असू द्या. इंग्रजी पाटीवर ‘नाक’ शेवटी ‘सी’ अक्षराने लिहिले आहे, त्यामुळे मुले आधी गोंधळतात. बावीस नावे शोधायला त्यांना अर्धा तास पुरतो. मग पूल ओलांडून कोरेगावात शिरा आणि नदीच्या बाजूने एक चक्कर मारा.